सहकुटुंब सहल : एका दिवसाची आखणी

सहल म्हटली की ती अकस्मात ठरावी, मनात आले की उठावे आणि चालू लागावे, अशी एक रम्य कल्पना आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात घर करून असते. एकट्यादुकट्याला ती शोभतेही. परंतु ज्या घरात सत्तरी ओलांडलेली आजी आहे, चार वर्षांचे शेंडेफळ आहे, आठवडाभर कचेरीत राबून रविवारची वाट पाहणारे वडील आहेत, आणि सुटीच्या दिवशीही जिला सुटी म्हणून नसते अशी आई आहे, त्या घराची सहल केवळ लहरीवर सोपवली तर तिचा शेवट बहुधा ठरलेलाच असतो. ऐन दुपारी उन्हात तिकिटाची रांग, एकाला भूक, दुसऱ्याला तहान, तिसऱ्याचे रडे, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर ‘पुन्हा म्हणून सहलीचे नाव काढू नका’ असा वडीलधाऱ्यांचा निर्वाळा! पैसा खर्च होतो, दिवस जातो, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो आनंद मात्र हाती लागत नाही.

म्हणून करमणुकीच्या एखाद्या लहानशा बागेत सहकुटुंब एक दिवस कसा घालवावा, याचा थोडा पद्धतशीर विचार या लेखात आम्ही करणार आहोत. ही आखणी आम्हां विद्यार्थ्यांनीच अंगावर घ्यावी, असे आम्हांस वाटते. याला दोन कारणे आहेत. घरात सहलीचा हट्ट बहुधा आपणच धरतो. तेव्हा जो हट्ट धरतो त्याने त्याचा काही भारही उचलावा, हे न्याय्य आहे. दुसरे असे की, या आखणीत अंकगणित, पदार्थविज्ञान आणि आरोग्यशास्त्र हे विषय पुस्तकाबाहेर येऊन आपल्या उपयोगी पडतात.

करमणुकीची बाग ही तशी जुन्या जत्रेचीच लेक. जत्रेतले पाळणे आणि चक्री घोडे चार दिवस एका गावी थांबत व पाचव्या दिवशी पुढच्या गावी जात. बागेतले पाळणे एका जागी ठाण मांडून बसले, एवढाच फरक. पोलादी आकाशपाळण्याचे आजचे भव्य रूप जॉर्ज फेरिस या अमेरिकन इंजिनिअराने १८९३ सालच्या शिकागो प्रदर्शनासाठी प्रथम उभे केले. त्याची उंची २६४ फूट होती. त्याला ३६ डबे होते व प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत, म्हणजे एका वेळी २१६० माणसे आकाशात! आपल्या देशात दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली आणि मुंबईजवळ गोराई येथील एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले. त्यानंतर मोठ्या शहरांच्या आसपास अशा बागा एकामागून एक निघाल्या.

तथापि मोठी बाग म्हणजे मोठा आनंद, हे समीकरण तपासून पाहण्यासारखे आहे. समजा, एका खेळात एका वेळी २४ जण बसतात. फेरीला ४ मिनिटे लागतात, आणि आधीच्यांनी उतरणे, पुढच्यांनी बसणे व दांडे लावणे यांत आणखी ४ मिनिटे जातात. म्हणजे दर ८ मिनिटांनी २४ माणसे पुढे सरकतात. लहान बागेत आपल्यापुढे ७२ माणसे असतील तर तीन फेऱ्या, म्हणजे २४ मिनिटे थांबावे लागेल. मोठ्या बागेत सुटीच्या दिवशी पुढे २४० माणसे असतील तर दहा फेऱ्या, म्हणजे १ तास २० मिनिटे! चार मिनिटांच्या गंमतीसाठी ऐंशी मिनिटांची तपश्चर्या चार वर्षांच्या मुलाकडून होत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या आजीकडूनही होत नाही. पुढची माणसे मोजावीत, त्यांना खेळातील जागांनी भागावे, आणि एका फेरीच्या एकूण वेळाने गुणावे. हे साधे गणित रांगेत शिरण्यापूर्वी केले तर दिवसातला निम्मा त्रागा वाचतो.

या दृष्टीने पाहता आम्हां बडोदेकरांस फार दूर जावयास नको. विश्वामित्रीच्या काठची कमाटी बाग, म्हणजेच सयाजी बाग, श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८७९ साली निर्माण झाली. तेथे जुन्या वृक्षांची गर्द छाया आहे, प्राणिसंग्रहालय आहे, फुलांचे घड्याळ आहे, आणि १८९४ सालापासूनचे वस्तुसंग्रहालयही आहे. धावणाऱ्यांना धावायला आणि बसणाऱ्यांना बसायला जागा, हा लहान मुलांबरोबर वृद्धांनाही नेणाऱ्या कुटुंबासाठी या बागेचा सर्वांत मोठा गुण होय. इतर गावच्या वाचकांनीही आपल्या जवळची बाग निवडताना प्रथम सावली, बाके, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या चार गोष्टींची चौकशी करावी. पाळण्यांची चौकशी मागाहून केली तरी चालेल.

आता आखणीच्या मुख्य तत्त्वाकडे वळू. डोंगर चढणाऱ्या तुकडीची गती तिच्यातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या गतीइतकीच असते. कुटुंबाच्या सहलीलाही हाच नियम लागू पडतो. घरातील सर्वांत अशक्त माणूस आणि सर्वांत लहान मूल यांच्या सोयीने दिवस आखला, तर इतरांना त्यात काही उणे पडत नाही. पण बलवानांच्या सोयीने आखला, तर दुर्बलांना तो सोसावा लागतो. म्हणून सहलीच्या आदल्या रविवारी रात्रीची जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांना एकत्र बसवावे, आणि प्रत्येकाने आपली एकच इच्छा कागदाच्या चिठ्ठीवर लिहावी. एकच, कारण दहा इच्छांची यादी म्हणजे भांडणाची पूर्वतयारी. लहानग्याची चिठ्ठी ताईने लिहावी. कोणाला आकाशपाळणा हवा असेल, कोणाला वाघ पाहायचा असेल, तर आजीला कदाचित झाडाखाली बसून सर्वांबरोबर निवांतपणे चहा घ्यायचा असेल. या सगळ्या इच्छा दिवसभरात पुऱ्या व्हाव्यात, हीच आखणीची कसोटी.

या प्रसंगी आई बहुधा म्हणते, ‘माझे काय? तुम्ही मजा करा, मी पिशव्या सांभाळीन.’ हे उत्तर मुळीच मान्य करू नये. पिशव्या सांभाळण्याच्या पाळ्या लावाव्यात. अर्धा तास दादाने, अर्धा तास ताईने, अर्धा तास बाबांनी त्यांच्याजवळ बसावे. जिने पहाटे चार वाजता उठून सर्वांचे डबे भरले, तिनेच दिवसभर बाकावर बसून त्या डब्यांवर पहारा करावा, याला सहल म्हणता येणार नाही. डब्यांचेही तसेच. कणीक भिजवणे, काकड्या धुऊन ठेवणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, सतरंजी व वर्तमानपत्रांचे कागद काढून ठेवणे, ही कामे आदल्या रात्री आपण मुलांनी वाटून घेतली, म्हणजे आईची सहल पहाटेच्या अंधारात स्वयंपाकघरात सुरू होण्याऐवजी सर्वांबरोबर घराच्या उंबऱ्यावर सुरू होईल.

दिवस कोणता निवडावा? बडोद्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो. तेव्हा शाळेला मोठी सुटी असली तरी दुपारची बाग लहानांना व वृद्धांना बाधते. पावसाळ्यात विश्वामित्रीचा भरवसा नसतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर तिला आलेल्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली घातला होता, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून दिवाळीनंतरचे आणि होळीपूर्वीचे दिवस उत्तम. जोडून आलेल्या सुट्या, सणाचा दिवस आणि महिन्याचा पहिला रविवार हे गर्दीचे दिवस शक्य तर टाळावेत. कोणते खेळ चालू आहेत, वस्तुसंग्रहालय व प्राणिसंग्रहालय कोणत्या दिवशी बंद असते आणि त्यांच्या वेळा काय, हे दोन दिवस आधी विचारून घ्यावे. बंद दारासमोर उभे राहून हिरमुसलेले तोंड करण्यापेक्षा एक दूरध्वनी केलेला बरा.

खर्चाचा अंदाज वहीत लिहूनच काढावा. जाण्यायेण्याचे भाडे, प्रवेश, खेळ, खाणे, आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवायची रक्कम, असे पाच रकाने पाडावेत. काही बागांत एकाच तिकिटात सर्व खेळ मिळतात, तर काहींत प्रत्येक खेळाचे तिकीट वेगळे असते. यांतले स्वस्त कोणते, हे माणसागणिक ठरते. समजा, सर्व खेळांचे एकत्र तिकीट ४०० रुपये आहे आणि सुटे तिकीट खेळामागे ५० रुपये. ज्याला आठांहून अधिक खेळ खेळायचे आहेत त्यालाच एकत्र तिकीट परवडते. आजोबा तर एकदा छोट्या आगगाडीत बसतील आणि पुरे म्हणतील. सहा माणसांच्या घरात दोघे खेळकर आणि चौघे प्रेक्षक असतील, तर सर्वांसाठी मोठे तिकीट घेणे म्हणजे न खाल्लेल्या जेवणाचे पैसे देणे होय. लहान भावंडांच्या हाती सकाळीच एक ठरावीक रक्कम द्यावी आणि ती कशी खर्चावी हे त्यांच्यावर सोपवावे. ‘हे घेऊ की ते घेऊ’ असा विचार त्यांनी एकदा मनाशी केला, की दर फुगेवाल्यापाशी होणारा हट्ट आपोआप कमी होतो.

खाण्याच्या बाबतीत जुन्या माणसांची शिदोरी आजही शहाणपणाची ठरते. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची कोरडी चटणी, आणि आपण गुजरातेत राहत असल्यामुळे आपल्याच झालेले मेथीचे ठेपले, हे पदार्थ दिवसभर टिकतात व हात फारसे न माखता खाता येतात. संध्याकाळी परतताना सेव-उसळ खाण्याची परंपरा कोणी मोडावी असे आम्ही सुचवत नाही! मात्र क्रम लक्षात ठेवावा : आधी फिरणारे पाळणे, मग जेवण. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके गरगर फिरले की हा द्रवही फिरू लागतो. फिरणे थांबले तरी तो क्षणभर फिरतच राहतो. डोळे सांगतात ‘थांबलो’, कान सांगतात ‘अजून फिरतो आहोत’, आणि या विसंवादातून घेरी व मळमळ उत्पन्न होते. पोट भरलेले असले तर पुढे काय होते, ते सांगावयास नको. ज्याला असा त्रास होतो त्याने जवळच्या वस्तूंकडे न पाहता दूर क्षितिजाकडे नजर लावावी. उलट्या किंवा जुलाब झालेच, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजावे. हे पाणी घरूनच एका बाटलीत नेता येते.

येथवर सांगितलेल्या गोष्टी चुकल्या तर दिवस बिघडेल, एवढेच. यापुढे जे सांगायचे आहे ते अधिक गंभीर आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरातील हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची मुले घेऊन निघालेली नाव उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका त्या दिवशी घरी परतल्या नाहीत. नावेत मर्यादेपेक्षा पुष्कळ अधिक माणसे बसवली होती, आणि अनेक मुलांच्या अंगात तरंगते जाकीट नव्हते. त्याच वर्षी २५ मे रोजी राजकोटच्या एका खेळघरात आग लागून २७ जणांचा बळी गेला. त्यापूर्वी, १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोपाळ्याप्रमाणे डोलणारे एक यंत्र मोडून पडले व दोघे मृत्युमुखी पडले. आणि २०२५ च्या मे महिन्यात ज्या कमाटी बागेचे गुण आम्ही वर वर्णिले, तेथेच छोट्या आगगाडीखाली सापडून चार वर्षांच्या एका बालिकेचा अंत झाला. ही सारी माणसे आपल्यासारखीच आनंदासाठी घराबाहेर पडली होती.

या दुर्घटना सांगून कोणाला घरी बसवावे, हा आमचा हेतू नाही. नाव सुरक्षित आहे की नाही हे पाहणे त्या बालकांचे काम नव्हते. ते मोठ्यांचे काम होते. यंत्रांची तपासणी करणे, माणसांची मर्यादा पाळणे आणि आगीपासून सुटकेचा मार्ग ठेवणे हे चालकांचे व अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य प्रेक्षकांच्या गळ्यात घालता येणार नाही. तथापि आम्ही जे आता मोठ्या वर्गांत आलो आहोत, त्या आमच्याबरोबर धाकटी भावंडे असतात. पोलादाच्या आतील भेग आपल्याला दिसत नाही. पण पुष्कळ गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसतात, आणि त्या पाहण्याची सवय लावून घेणे आपल्या हाती आहे.

पाळण्यात बसण्यापूर्वी एक संपूर्ण फेरी बाहेर उभे राहून पाहावी. चालक प्रत्येकाचा दांडा स्वतःच्या हाताने ओढून पाहतो, की दुरूनच बटण दाबतो? यंत्र पुरते थांबण्यापूर्वी माणसे उतरू लागतात काय? किती जणांनी बसावे आणि किमान उंची किती असावी, याची पाटी आहे काय, व ती पाळली जाते काय? उंचीचा नियम मुलांना अपमानास्पद वाटतो, पण त्यामागे साधे कारण आहे. मांडीवर येणारा दांडा विशिष्ट आकाराच्या शरीरासाठी बसवलेला असतो. त्याहून लहान शरीर दांड्याखालून निसटू शकते. आई जवळ बसली असली तरी वेगात तिच्या हाताची पकड दांड्याइतकी भरवशाची नसते. म्हणून टाचा उंच करून उंची वाढवणाऱ्या भावंडाला प्रेमाने, पण ठामपणे खाली उतरवावे.

पदार्थविज्ञानाचा आणखी एक उपयोग पाहा. चक्री घोड्यांवर आतला घोडा आणि बाहेरचा घोडा एकाच वेळात एक फेरा पुरा करतात. परंतु बाहेरचा घोडा मध्यापासून दुप्पट अंतरावर असेल तर त्याला दुप्पट वाट कापावी लागते. त्याचा वेग दुप्पट असतो, आणि त्यावरील स्वाराला बाहेर फेकल्यासारखी जी ओढ वाटते तीही दुप्पट असते. तेव्हा लहानग्याला आतल्या घोड्यावर बसवावे. फेरा तोच, घोडाही तसाच, पण जोर निम्मा. आकाशपाळण्याचा झुला वरच्या कडीला टांगलेला असतो आणि माणसे खाली बसलेली असतात म्हणून तो स्थिर राहतो. कोणी उभा राहिला की गुरुत्वमध्य वर सरकतो व झुला डळमळतो. ओढणी, पदर, मफलर आणि मोकळी वेणी ही चाकांची शत्रू. फिरत्या यंत्राजवळ जाण्यापूर्वी ती खोचून घ्यावीत. छोटी आगगाडी नावानेच छोटी असते. तिचे वजन माणसाच्या मानाने फार मोठे असते आणि तिला क्षणात थांबता येत नाही. गाडी येताना व जाताना धाकट्याचा हात आपल्या हातात असावा. बोट नव्हे, मनगट धरावे. नावेत बसायचे असेल तर आधी माणसे मोजावीत आणि मग जाकिटे. जाकिटे कमी पडत असतील तर त्या नावेत पाय ठेवू नये. बंद दालनात शिरल्यावर, आलो त्याखेरीज दुसरे दार कोठे आहे, हे प्रथम पाहून ठेवावे.

यांतले काहीही खटकले तर काय करावे? ‘नको’ म्हणावे. तिकीट काढले म्हणून बसलेच पाहिजे, असा काही करार नसतो. रांगेतील लोक हसतील, मित्र भित्रा म्हणतील, पन्नास रुपये बुडतील. पण पन्नास रुपयांत आणि भावंडाच्या जिवात तुलना करण्याची वेळच येऊ नये. आरडाओरडा न करता ‘आम्ही या फेरीला बसत नाही’ एवढेच म्हणून बाजूला होणे, यालाही एक प्रकारचे धैर्य लागते. आकाशपाळण्याच्या टोकावर डोळे उघडे ठेवण्याइतकेच ते मोलाचे आहे, असे आम्ही समजतो. आणि घरातील वडीलधाऱ्यांनीही, मूल ‘भीती वाटते’ म्हणाले तर त्याची थट्टा करून त्याला पाळण्यात ढकलू नये.

चुकामूक होण्याचा विचारही आधीच करून ठेवावा. बागेत शिरताच सर्वांनी मिळून भेटीची जागा ठरवावी. फुलांच्या घड्याळासारखी कोणालाही विचारता येईल अशी खूण उत्तम. लहान मुलाच्या खिशात वडिलांचे नाव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. सकाळी निघताना सर्वांचे एक छायाचित्र घ्यावे. ते आठवणीसाठी तर होतेच, पण मूल हरवल्यास त्याने कोणते कपडे घातले होते हे सांगण्यासही उपयोगी पडते. मुलाला एकच गोष्ट शिकवावी : चुकलास तर जेथे आहेस तेथेच उभा राहा, शोधायला आम्ही येऊ.

आता दिवसाचा क्रम. सकाळी साडेआठला घर सोडावे, म्हणजे गर्दीपूर्वी बागेत पोहोचता येते. नऊ ते साडेअकरा या थंड वेळेत पाळणे व प्राणी उरकावेत. वेगवान खेळ आधी, संथ खेळ मागून. साडेअकराला हातपाय धुऊन झाडाखाली सतरंजी अंथरावी. जेवणानंतर तासभर कोणी कोणाला उठवू नये. आजोबांना डुलकी घेऊ द्यावी, लहानग्याला आईच्या मांडीवर झोपू द्यावे. उन्ह रणरणत असता वस्तुसंग्रहालयाच्या गार दालनांत जावे. तेथे इजिप्तची ममी आहे आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. ज्याला सकाळच्या पाळण्यांत रस नव्हता त्या आजोबांचा दिवस येथे खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि सयाजीराव महाराजांच्या काळच्या आठवणी, त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या, नातवंडांना येथेच ऐकायला मिळतात. चार वाजता आजीचा चहा. त्यानंतर ज्याची चिठ्ठी पुरी व्हायची राहिली असेल त्याची पाळी, आणि साडेपाचला प्रस्थान.

निघण्याची वेळ आधी ठरवून ती पाळणे, हे आखणीतले सर्वांत अवघड कलम आहे. ‘आणखी एकच फेरी’ या तीन शब्दांनी अनेक सहलींची संध्याकाळ नासवली आहे. मुले थकून रडू लागण्यापूर्वी निघावे. एखादा पाळणा राहून गेला तर पुढच्या वर्षीच्या सहलीचे ते आमंत्रणच समजावे. निघताना बसल्या जागेचे कागद, साली व बाटल्या उचलून टोपलीत टाकाव्यात. सकाळी आपल्याला ती जागा स्वच्छ मिळाली, ती कोणीतरी स्वच्छ केली होती म्हणून.

घरी आल्यावर रात्री दोन कामे उरतात. पहिले, वहीतील अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांचा ताळा पाहणे; कोणत्या रकान्यात चूक झाली हे समजले की पुढचा अंदाज अधिक बरोबर येतो. दुसरे, त्या चिठ्ठ्या पुन्हा उघडून पाहणे. कोणाची इच्छा पुरी झाली, कोणाची राहिली? चिठ्ठ्या सर्व पुऱ्या झाल्या असतील आणि सकाळी जितकी माणसे घराबाहेर पडली तितकी सारी हसतखेळत परत आली असतील, तर सहल साधली असे खुशाल म्हणावे.

कोणी म्हणेल, एका दिवसाच्या मौजेसाठी एवढा हिशेब कशाला? यावर आमचे उत्तर असे की, आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांची तहानभूक, त्यांचे दुखरे गुडघे, त्यांची भीती आणि त्यांची न बोललेली इच्छा यांचा आगाऊ विचार करणे, यालाच घरात माया म्हणतात. आई हा हिशेब वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस करीत असते, आणि तो ती कोठे लिहून ठेवीत नाही. त्यांतला एक दिवस तरी तिच्या हातून काढून आपल्या हाती घ्यावा. येत्या सुटीत आमच्या वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.